दिवा नसलेल्या वस्तीची दिवाबत्ती

ढोकीचं रेल्वे स्टेशन आणि तेरणा साखर कारखाना मागं पडला, की काही वेळानं मोटारसायकल डांबरी रस्ता सोडून पाणंदीला लागते. गाडी चालवणारा जवळच्याच एका लहान, सात सदस्यांच्या ग्रामपंचायतीचा शिपाई. शिपाई हे कागदावर. सकाळी नळाचं पाणी तोच सोडतो, संध्याकाळी गावठाणातले दिवे तोच लावतो आणि मार्चअखेर जवळ आली की वसुलीलाही तोच निघतो. आमच्या दोघांच्या मध्ये रेक्झिनची पिशवी. तिच्यात नमुना 9, म्हणजे कराच्या मागणीची नोंदवही, आणि नमुना 10, म्हणजे पावतीपुस्तक.

"नऊ नंबरात नाव सापडतंच," तो म्हणाला. "माणूस सापडला पायजे."

माणसं शेतात राहायला गेलीत. विहीर नाहीतर बोअर, दोन जनावरं, पत्र्याच्या तीन खोल्या, की झाली वस्ती. एका वस्तीपासून दुसरी दिसते, पण मध्ये ओढा असतो आणि वाट वळसा घालून जाते. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात अशी गच्च बसते की चाकच फिरत नाही. म्हणून वसुली उन्हाळ्याच्या तोंडावर. तेव्हा हरभरा निघालेला असतो, ज्वारी काढणीला आलेली असते आणि घरात थोडे पैसेही असतात.

पहिल्या वस्तीवर त्यानं वही काढलीच नाही. आधी बोअरला पाणी किती, मग हरभऱ्याला भाव काय मिळाला. चहा आला तेव्हा पिशवीची चेन उघडली. बोट रकान्यातून खाली उतरत गेलं: मागील बाकी, चालू मागणी, एकूण. घरपट्टी, आरोग्य कर, दिवाबत्ती.

"दिवाबत्ती?" बाजेवरचे म्हातारबाबा उठून बसले. "खांब कुठंय रे आमच्यात? आधी दिवा दाखव, मग पैसं ने."

"बाप्पा, तुमचं खरंय. ग्रामसभेत मांडा. मी बी सांगतो."

"ग्रामसभेला यायचं म्हणजे जनावरं कुणी बघायची?"

यावर दोघांकडंही उत्तर नव्हतं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, सभा होते ती गावठाणात. ठराव तिथं, खांब तिथं, नळही तिथंच. वस्तीपर्यंत नेमानं पोचते ती ही वही.

यात पंचायतीची बाजूही लंगडी आहे. तुलनेला कॅनडातला सस्कॅचवान प्रांत घ्या. तिथं माळरानावरच्या विरळ वस्तीसाठी 'ग्रामीण नगरपालिका' असतात. तिथली जमीन एक मैल लांब, एक मैल रुंद अशा चौकोनांत आखलेली. एका चौकोनात 640 एकर. घरं लांब लांब, पण शेतजमिनीवर कर बसतो, आणि खडीचे रस्ते राखायचं काम त्याच पालिकेचं. आपल्याकडं 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यानं पंचायतीच्या हाती घर दिलं. शेतसारा भरणारी जमीन तिच्या घरपट्टीबाहेर राहिली. दहा एकरांच्या मालकाचीही पंचायतीपुरती किंमत तीन खोल्यांची. घरं विरळ, म्हणून पैसा विरळ. आणि खांब तर जास्त लागणार.

पुढच्या वस्तीवर जुन्या घराला लागून नवा स्लॅब पडलेला. सळया अजून वर डोकावत होत्या. नोंदीत मात्र घर मातीचं, माळवदाचं. शिपायानं स्लॅब पाहिला आणि नोंदीप्रमाणेच पावती लिहायला घेतली. मी नजरेनं विचारलं. परतताना त्यानं समजावलं, "आकारणी निराळी, वसुली निराळी. दोन्ही एका दिवशी काढली तर पुढच्या साली कुणी चहा इचारणार नाही."

पावती लिहिताना मात्र घाई नाही. पुस्तक मांडीवर, कार्बन नीट सरकवलेला, रक्कम आधी अंकी, मग अक्षरी. कमी पैसे मिळाले तर तेवढीच पावती, बाकी पुढं ओढायची. "पावती फाडली की भांडण मिटतं," त्याचा हिशेब. घरकुलाचा अर्ज असो नाहीतर कसला दाखला, लोक हा कागद शोधतातच. त्या घरातल्या मावशींनी तो घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला. त्याच पिशवीत मागच्या सगळ्या पावत्या होत्या, सुतळीनं बांधलेल्या.

ऊन कललं तसा तो घाई करू लागला. दिवे लावायचे होते. ओढ्यापाशी गाडी थांबवून त्यानं नोटा मोजल्या आणि रबर लावलं. दिवसभरात सात पावत्या. याच वसुलीतून त्याच्या पगाराचा पंचायतीचा हिस्सा निघणार.

"आणि पेट्रोल?" मी विचारलं.

"त्याला अजून नमुना निघाला नाही," असं म्हणत त्यानं किक मारली.

गावात शिरल्याशिरल्या त्यानं खटका दाबला. चौकातला खांब उजळला. मागं वळून पाहिलं, तर म्हातारबाबांची वस्ती अंधारात कुठं गेली ते कळेना. त्यांना मात्र हा दिवा तिथून दिसत असणार.