राजगडाच्या जंगलात आरवणारा कोंबडा कुणाचा? जाणून घ्या रानकोंबड्याबद्दल

राजगडावर जाण्यासाठी गुंजवण्यातून पहाटे चढायला सुरुवात केली, की झाडीतून कोंबड्याची बांग कानावर येऊ शकते. पण ती ओळखीची ‘कुकूच कू’ नसते. ‘कुक्-काया-काया-कुक्’ अशी तुटक असते. हा गावातला कोंबडा नाही, हा आहे राखी रानकोंबडा.

ओळखायचा कसा?

नराचं अंग राखाडी, शेपटी काळी, बाकदार आणि मानेवरच्या पिसांवर मेणाच्या थेंबांसारखे चमकदार ठिपके. मादी तपकिरी, छातीवर काळ्या-पांढऱ्या रेघा. हा पक्षी फक्त भारतातच सापडतो, त्यातही मुख्यतः दक्षिण आणि पश्चिम भारतात.

गावठी कोंबडीशी नातं काय?

लाल रानकोंबड्याच्या पाच उपप्रजाती मानल्या जातात. त्यातल्या आग्नेय आशियातल्या एका उपप्रजातीपासून पाळीव कोंबडी आली, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं. आपल्याकडे हा लाल भाऊ गडचिरोलीच्या बाजूला आढळतो. सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मात्र उपप्रजाती नाहीत.

पण गोष्ट इथेच संपत नाही. अनेक पाळीव कोंबड्यांची कातडी आणि पाय पिवळे असतात. हा पिवळेपणा देणारं जनुक राखी रानकोंबड्याकडून आलं, असं स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. म्हणजे जगभरातल्या खुराड्यांत आपल्या रानातला थोडा वारसा आहे.

मग धोका कशाचा?

जागतिक पातळीवर ही प्रजाती सध्या ‘कमी चिंताजनक’ गटात आहे. पण स्थानिक पातळीवर शिकार, फासे आणि तुटणारं जंगल यांचा फटका बसतो. सगळ्यात मोठी भीती वणव्याची.

रानकोंबडी घरटं झाडावर बांधत नाही. झुडपाखाली जमीन उकरून, पालापाचोळ्यात अंडी घालते. विणीचा मुख्य हंगाम फेब्रुवारी ते मे. नेमक्या याच महिन्यांत डोंगरावरचं गवत वाळतं आणि वणवे पेटतात. अंडी सुमारे तीन आठवडे उबवावी लागतात. तेवढ्यात आग आली तर मोठा पक्षी उडून जाईल, अंडी तिथंच राहतील.

गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं, या समजुतीतून काही जण आग लावतात. कधी पर्यटकांनी विझवायची राहिलेली चूल किंवा फेकलेली सिगारेटही पुरते.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानकोंबड्याची शिकार गुन्हा आहे. हे संरक्षण केवळ भीमाशंकर किंवा ताम्हिणीसारख्या अभयारण्यांपुरतं नाही, बाहेरच्या डोंगरांनाही लागू आहे. राखीव जंगलात आग लावणं हाही गुन्हाच.

आपण काय करू शकतो?

जुलै २०२५ मध्ये राजगडाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. गडावर जाताना उन्हाळ्यात चूल पेटवू नका, मळलेली वाट सोडू नका, घरटं दिसलं तर फोटोसाठी जवळ जाऊ नका. वणवा किंवा शिकार दिसली तर वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा.