जहाजांचा धूर स्वस्त का पडतो

पंधरा महाकाय जहाजे जगातल्या सगळ्या मोटारींइतके प्रदूषण करतात, हे वाक्य वर्षानुवर्षे फिरते आहे. त्यात तथ्य होते ते फक्त गंधकाच्या ऑक्साइडपुरते. तेलशुद्धीकरणाच्या तळाशी उरणारे दाट, काळे, स्वस्त इंधन मोठ्या जहाजांत जळते आणि २०१९ अखेरपर्यंत त्यात ३.५ टक्के गंधक चालत असे. आपल्याकडच्या बीएस-६ डिझेलला दहा लाखात १० भागांची मर्यादा आहे. म्हणजे फरक साडेतीन हजार पटींचा. १ जानेवारी २०२० पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांची मर्यादा ०.५ टक्क्यावर आणली. कार्बन डायऑक्साइडचा हिशेब निराळा आहे. जगातल्या मालाच्या व्यापारापैकी, आकारमानाने पाहिले तर, ८० टक्क्यांहून अधिक समुद्रमार्गे होतो आणि जहाजांचे उत्सर्जन जगाच्या सुमारे ३ टक्के आहे. एक टन माल एक किलोमीटर न्यायला ट्रकपेक्षा जहाज कितीतरी कमी धूर सोडते. म्हणून जहाजांकडे दुर्लक्ष करावे असे मात्र नाही, कारण हे ३ टक्के बहुतेक देशांच्या एकेकट्या उत्सर्जनाहून जास्त भरतात.

याहून घातक गैरसमज असा की अमोनिया, हायड्रोजन अशी नवी इंधने येईपर्यंत काही करता येत नाही. इंजिनाला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी उतरवला तर प्रवास लांबला तरी त्या फेरीचे इंधन जवळपास पाचव्या हिश्शाने वाचते. यासाठी कोणताही शोध लागायचा बाकी नाही. अडते ते पैशापाशी. ठरावीक मुदतीसाठी जहाज भाड्याने दिले की इंधनाचा खर्च भाड्याने घेणारा करतो, त्यामुळे चांगल्या यंत्रणेवर पैसा घालणाऱ्या मालकाच्या पदरात बचत पडत नाही. फेरीच्या करारात इंधन मालकाचे असते, पण शक्य तितक्या लवकर पोहोचण्याची अटही असते. मग जहाज भरधाव येते आणि धक्का रिकामा होईपर्यंत बंदराबाहेर नांगर टाकून उभे राहते. माझ्या मते प्रश्नाचे मूळ इथे आहे: निर्णय एकाचा, खर्च दुसऱ्याचा आणि धूर सगळ्यांचा.

ही गाठ सोडवता येते, हे नॉर्वेने दाखवले. तिथे २००७ मध्ये नायट्रोजन ऑक्साइडवर किलोमागे १५ क्रोनर कर लागला. पुढच्या वर्षी उद्योगसंघटनांनी सरकारशी करार करून निधी उभारला. सभासद जहाजांना कर माफ झाला. त्याऐवजी किलोमागे ४ क्रोनर निधीत भरायचे आणि त्याच निधीतून धूर शुद्ध करणारी यंत्रणा किंवा वायूवर चालणारी इंजिने बसवायला अनुदान मिळवायचे. उत्सर्जन ठरल्याप्रमाणे उतरले नाही तर कर पुन्हा मानेवर, हे करारातच होते. पैसा सरकारी तिजोरीत गडप होईल, हा नेहमीचा आक्षेप इथे टिकत नाही.

दुसरा आक्षेप पळवाटेचा आहे आणि तो खरा आहे. युरोपीय संघाने २०२४ पासून मोठ्या जहाजांच्या कार्बनला किंमत लावली. न्हावा शेवाहून रॉटरडॅमला थेट जाणाऱ्या जहाजाला प्रवासातल्या निम्म्या उत्सर्जनाचा हिशेब द्यावा लागतो. वाटेत जवळच्या परक्या बंदरात कंटेनर उतरवून हा हिशेब आखूड करता आला असता. म्हणूनच पूर्व पोर्ट सैद आणि टँजर मेड इथला असा थांबा मोजायचाच नाही, असा नियम झाला. महागाईचा आक्षेप सरसकट लागू नाही. सदऱ्याच्या किमतीत सागरी भाडे नगण्य असते, पण गोव्याच्या कमी प्रतीच्या लोहखनिजासारख्या स्वस्त, अवजड मालात ते मोठे असते. तेव्हा गोळा होणारा पैसा कोणाकडे वळवायचा, हे किमतीइतकेच महत्त्वाचे आहे. जागतिक पातळीवर अशी किंमत आणि असा निधी ठरवणाऱ्या आराखड्यावरचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षभरासाठी पुढे ढकलला गेला.