गिरणीचे येणे : भांडवल, शासन आणि दारिद्र्य यांचा इंदूरमधील एक हिशेब

दारिद्र्य कशाने हटेल, हा वाद आपल्याकडे गावच्या पारापासून विधिमंडळापर्यंत सर्वत्र चालतो. उद्योगधंद्यांना मोकळीक द्यावी, भांडवल वाढले की रोजगार आपोआप वाढेल, असे एक पक्ष म्हणतो. भांडवलदार केवळ नफा पाहतो, म्हणून दुर्बल घटकांचा भार शासनानेच उचलला पाहिजे, असे दुसऱ्या पक्षाचे प्रतिपादन असते. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात. हिशेबाचा कागद मात्र क्वचितच कोणी पुढे ठेवतो. होळकरांच्या इंदूर शहरात असा एक कागद तब्बल बत्तीस वर्षे उघडा पडून होता. तो वाचण्यासारखा आहे.

इंदूरच्या गिरणी उद्योगाचा प्रारंभ खाजगी भांडवलाने झाला नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात तुकोजीराव होळकर दुसरे यांनी संस्थानच्या खजिन्यातून तेथे कापड गिरणी उभी केली. व्यापाऱ्यांचे भांडवल मागाहून आले. माळव्याच्या काळ्या जमिनीत कापूस विपुल पिकत होता आणि अफूच्या व्यापारात सावकारांच्या हाती पैसा साचला होता. 1913 च्या सुमारास चीनला जाणारी अफू बंद झाली, तेव्हा त्या पैशाला नवी वाट हवी होती. मालवा मिल, हुकुमचंद मिल, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार अशा गिरण्या त्याच शतकाच्या पूर्वार्धात गजबजल्या. सर सेठ हुकुमचंद यांचे नाव कापसाच्या बाजारात तेव्हा देशभर दुमदुमत होते. गिरण्यांच्या भोवती चाळी उठल्या, कामगार संघटना उभ्या राहिल्या, आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरणीगिरणीचे देखावे निघू लागले. भांडवलाने येथे पोट भरले, एवढेच नव्हे तर शहराला रूप दिले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने या मजुरीला कायद्याची जोड दिली. 1948 चा राज्य विमा कायदा, 1952 चा भविष्य निर्वाह निधीचा कायदा आणि 1972 चा ग्रॅच्युइटीचा कायदा यांमुळे कामगाराची मिळकत महिन्याच्या पगारापुरती राहिली नाही. पाच वर्षे सलग नोकरी झाली की दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी ग्रॅच्युइटी त्याच्या नावे साचत गेली. कारखाना बंद झाल्यास नुकसानभरपाईचीही तरतूद होती. हे साहाय्य नव्हे. कामगाराने केलेल्या श्रमाचेच ते मागे ठेवलेले मोल होय. वादविवादात हा फरक नेहमी विसरला जातो.

डिसेंबर 1991 मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा, कृत्रिम धाग्याचा प्रसार आणि कर्जाचा बोजा ही कारणे देशातील बहुतेक कापड गिरण्यांच्या बाबतीत सारखीच होती. मुंबईच्या गिरणगावाने 1982 च्या संपानंतर हेच अनुभवले. इंदूरमध्ये पाच हजारांहून अधिक कामगारांचे काम एकाएकी थांबले आणि त्यांचे येणे गिरणीत अडकून पडले.

येणे अडकते कसे, हे शिक्षक बंधूंनी गावकऱ्यांना अवश्य समजावून सांगावे. त्या काळी कंपनी कर्ज फेडू शकेनाशी झाली की न्यायालय तिचा कारभार अवसायकाकडे सोपवीत असे. अवसायक मालमत्ता विकतो आणि आलेली रक्कम घेणेकऱ्यांत वाटतो. पूर्वी बँकेचे तारण आधी आणि कामगार मागे, असा क्रम होता. 1985 साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांचे येणे तारणधारक बँकांच्या बरोबरीला आणले गेले. सुधारणा मोठी होती, यात शंका नाही. परंतु पंक्तीत जागा मिळाली तरी पानात वाढण्यासाठी प्रथम काही शिजले पाहिजे! हुकुमचंद मिलची खरी मालमत्ता म्हणजे शहराच्या मध्यावरची सुमारे 42 एकर जमीन. तिच्या मालकीचा आणि विक्रीचा प्रश्न सुटेना. 2007 साली उच्च न्यायालयाने कामगारांचे येणे सुमारे 229 कोटी रुपये ठरविले. त्यातील काही रक्कम पुढे मिळाली, बहुतांश राहिली.

या काळात शासनाच्या कल्याणकारी योजना नव्हत्या, असे नाही. स्वस्त धान्य होते, पेन्शन योजना होत्या. परंतु या योजना गरिबाला दारिद्र्यरेषेखाली पोहोचल्यावर ओळखतात. ज्याच्या नावे कागदावर लाखभर रुपये आहेत आणि घरात पीठ नाही, त्याच्यासाठी अर्जाचा नमुना नसतो. वर्गणी थांबल्यावर विमा योजनेच्या दवाखान्याचे दारही काही काळाने बंद होते. वाट पाहता पाहता दोन हजारांवर कामगार मृत्यू पावले, असे कामगार संघटनांनी सांगितले आहे.

मग राष्ट्रीयीकरण हाच उपाय होता काय? इंदूरमध्येच याचेही उत्तर आहे. 1974 च्या कायद्याने मालवा, कल्याणमल व स्वदेशी या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. कालांतराने त्याही बंद झाल्या. शासनाने गिरणी घेतली म्हणजे कापड खपतेच, असे नाही. फरक एवढाच की महामंडळाच्या कामगारांना स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेखाली हातात काही रक्कम पडली. खाजगी गिरणीच्या कामगाराला न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

महाराष्ट्रातील रोजगार हमी योजनेचे उदाहरण येथे ताडून पाहावे. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने 1965 साली तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला, 1972 च्या दुष्काळात ती राज्याचा आधार ठरली आणि 1977 च्या कायद्याने, जो 1979 पासून अमलात आला, काम मागणे हा ग्रामीण मजुराचा हक्क झाला. तिचा खर्च कोठून आला? 1975 पासून नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर बसविलेल्या व्यवसाय करातून आणि त्याला जोड म्हणून शासनाने घातलेल्या रकमेतून. म्हणजे शहरातील उद्योग चालले म्हणून गावात पाझर तलाव खोदले गेले. भांडवल विरुद्ध कल्याण अशी मांडणी करणाऱ्या दोन्ही पक्षांनी ही एक पावती तरी पाहावी. दांडेकर आणि रथ या पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञांनी 1971 साली दारिद्र्याचा जो अभ्यास केला, त्यातही ग्रामीण भागात सार्वजनिक कामे काढण्यावर भर होता.

हुकुमचंद मिलचा प्रश्न अखेर डिसेंबर 2023 मध्ये सुटला. मध्य प्रदेश शासनाने येणे आधी चुकते करावे आणि जमीन ताब्यात घेऊन तिचा विकास करावा, अशी तडजोड झाली. 25 डिसेंबर रोजी सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला. सुमारे 4800 कामगार कुटुंबांचा त्याच्याशी संबंध होता. हे पैसे कोणाचे, असा प्रश्न एखादा चिकित्सक वाचक विचारील. गिरणीने ते कमावले नाहीत आणि शासनाने ते खैरात म्हणून दिले नाहीत. भोवतालचे शहर वाढले, म्हणून बंद गिरणीची जमीन मोलाची झाली. त्या वाढीव मोलातूनच जुने श्रम फेडले गेले.

रक्कम मंजूर झाल्यावरही मृत कामगारांच्या वारसांना नाते सिद्ध करावे लागते. आपल्या भागातील साखर कारखाने, सूतगिरण्या व यंत्रमाग यांत काम करणाऱ्यांनी भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक, नियुक्तीचे पत्र आणि पगाराच्या चिठ्ठ्या घरी जपून ठेवाव्यात. नामनिर्देशन भरले आहे की नाही, हे पाहावे. विवाहानंतर ते नव्याने भरावे लागते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.