गुलाबी पाण्याचे गूढ

परवा चिंचवडला मुलाच्या घरी लोणार सरोवरावरचा एक माहितीपट पाहिला. २०२० च्या जूनमध्ये तिथले पाणी एकाएकी गुलाबी झाले, हा विषय. पाऊण तास नुसता ढगांचा गडगडाट आणि घोगरा आवाज! शेवटी काय, तर "विज्ञानही इथे हतबल!"

नात घाबरून म्हणाली, "आजोबा, खरंच कुणालाच माहीत नाही?"

"अगं, उत्तर आपल्या पुण्यातच मिळालं!"

आघारकर संशोधन संस्थेत ते पाणी आणून नुसते स्थिर ठेवले. पाहतात तो रंग तळाशी बसलेला, वर पाणी स्वच्छ! सरोवराची पातळी घटून खारेपणा वाढला, तशी मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची चंगळ झाली. रंग त्यांच्या अंगचा.

"मग सिनेमात हे का नाही सांगितलं?"

वाचकहो, मी निरुत्तर! शेजारच्या पिंपरीच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवाचे नावच 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. त्यापासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध काढले. अशा गावात का भुताटकी विकत घ्यायची?

सकाळी पाहतो तो खिडकीत गढूळ पाण्याची बरणी!

"हात लावू नका हं, आजोबा. खाली बसतंय!"