अंगणवाडीत येणारे डॉक्टर

बाळाच्या हृदयाला छिद्र आहे असं कळलं, की घरात आधी पैशांची जुळवाजुळव सुरू होते. त्याआधी आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना गाठावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार, गरज पडल्यास शस्त्रक्रियाही, मोफत होतात. २०१३ साली हा कार्यक्रम सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. तरी कित्येक पालकांना तो ठाऊक नसतो.

डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. जन्मजात व्यंग, दुभंगलेला ओठ, मोतीबिंदू, रक्तक्षय, उशिरा बोलणं, सारं पाहिलं जातं. काही आढळलं, तर जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात.

इथे वेळ फार महत्त्वाची. वाकडं पाऊल पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर घालू लागल्यास बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेविना सरळ होतं. ‘मोठं झाल्यावर होईल ठीक’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला इथे प्रेमळ असला तरी महागात पडतो. जाताना लसीकरणाचं कार्ड, जुने कागद आणि पथकाने दिलेली चिठ्ठी सोबत ठेवावी.