बोली लावण्याआधी

पिअर ओमिड्यार यांनी १९९५ साली अमेरिकेत लिलावाचं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर. किंमत १४.८३ डॉलर! हेच संकेतस्थळ पुढे ईबे झालं. अनोळखी माणसांनी एकमेकांवर भरवसा ठेवावा म्हणून तिथे अभिप्राय नोंदवण्याची सोय आली.

पण नुसते तारे मोजून भागत नाही. अभिप्राय उघडून वाचावेत. कीचेन विकून नाव कमावलेला विक्रेता एकाएकी महागडे कॅमेरे मांडू लागला, तर हात आखडता घ्यावा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पैसे मध्ये कुठे थांबतात? ईबेच्या भारतीय संकेतस्थळावर ‘पैसापे’ची व्यवस्था होती, वस्तू पोहोचेपर्यंत रक्कम विक्रेत्याच्या हाती पडत नसे. ते संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं, तरी कसोटी तीच. “परस्पर व्यवहार करू, स्वस्तात देतो,” म्हणणाऱ्याला साफ नकार द्यावा.

विकणाऱ्यालाही धोका आहेच. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला लावणारा ‘खरेदीदार’ भामटाच समजावा. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा.