कालयोजकांची वानवा : ॲनिमेच्या रसिककृत उपशीर्षकांतील एक दुर्लक्षित अंग

जपानी ॲनिमे मालिकांना इंग्रजी उपशीर्षके देण्याचे काम गेली चार दशके व्यावसायिक संस्थांच्या बरोबरीने, आणि पुष्कळदा त्यांच्या आधी, हौशी रसिकांचे गट करीत आले आहेत. या व्यवहाराला 'फॅनसबिंग' अशी संज्ञा आहे. तो विनामोबदला चालतो आणि त्यात श्रमविभागणी असते. एक जण जपानी प्रक्षेपणाचे मूळ चित्रण मिळवतो, दुसरा अनुवाद करतो, तिसरा अनुवादातील प्रत्येक वाक्य पडद्यावर केव्हा उमटावे व केव्हा मिटावे हे ठरवतो. पुढे संपादक, पडद्यावरील पाट्यांचे व अक्षरांचे रूप सांभाळणारा, तपासनीस आणि अखेरीस सर्व एकत्र करून चित्रफीत सिद्ध करणारा असे टप्पे येतात. होर्हे दीआस-सिंतास आणि पाब्लो मुन्योस सांचेस यांनी २००६ साली हौशी उपशीर्षकांवर लिहिलेल्या निबंधात या साखळीचे जे वर्णन केले, ते बव्हंशी असेच आहे.

या साखळीतील तिसरी कडी येथे विचारार्थ घेतली आहे. इंग्रजीत हे काम करणाऱ्याला 'टायमर' म्हणतात. मराठीत त्या शब्दाने घड्याळ किंवा पाणी तापवण्याचे यंत्र आठवते, म्हणून पुढे 'कालयोजक' आणि 'कालयोजन' ही पदे योजली आहेत. रसिकगटांच्या व्यवहारात एक तक्रार सातत्याने आढळते : अनुवाद तयार आहे, संपादक वाट पाहत आहे, पण कालयोजक नसल्यामुळे भाग अडून राहिला आहे. वरवर पाहता ही तक्रार चमत्कारिक वाटते. अनुवादकाला जपानी यावे लागते आणि हौसेखातर रात्री जागवणारा जपानीचा जाणकार मिळणे सोपे नसते. कालयोजकाला जपानी येण्याची अटच नाही. त्याची साधनेही फुकट मिळतात. मग दुर्मीळ विद्या जाणणारा मिळावा आणि सोप्या मानलेल्या कामाला माणूस मिळू नये, असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर 'काम कंटाळवाणे आहे' एवढ्यावर संपत नाही. उपशीर्षकांच्या अनुवादात अनुवाद नेमका कशाला म्हणायचे, याविषयीची एक रूढ समजूत त्यामागे आहे.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. जाहिराती वगळता एक भाग साधारण चोवीस मिनिटांचा असतो आणि त्यात तीनशे ते चारशे ओळी येतात. प्रत्येक ओळीला आरंभ आणि अंत असे दोन क्षण द्यावे लागतात. २००५ साली सुरू झालेल्या 'एजिसब' या मुक्त प्रणालीत ध्वनीचा आलेख पडद्यावर दिसतो. कालयोजक कान आलेखाकडे लावून, कळीमागून कळ दाबीत ओळी बांधीत जातो. ही झाली कच्ची बांधणी. खरे काम यानंतर सुरू होते. उच्चार सुरू होण्याच्या क्षणीच ओळ उमटली तर डोळा मागे पडतो, म्हणून ती किंचित आधी आणावी लागते. उच्चार संपताच ओळ मिटली तर वाचन तुटते, म्हणून ती किंचित रेंगाळू द्यावी लागते. दोन ओळींमध्ये अगदी लहान फट उरली तर पडदा लुकलुकतो. तेथे फट बुजवावी, की दोन पात्रांच्या बोलण्यातील अंतर म्हणून वाढवावी, हे प्रसंग पाहून ठरवायचे असते. शिवाय दृश्य बदलल्यावरही जुनी ओळ दोन-चार चौकटी रेंगाळली, तर वाचकाची नजर तीच ओळ पुन्हा वाचू पाहते, असा उपशीर्षककारांचा अनुभव आहे. ॲनिमेची चौकट सेकंदाला सुमारे चोवीस या गतीने सरकते, म्हणजे एका चौकटीचे आयुष्य सुमारे बेचाळीस सहस्रांश सेकंद. कालयोजकाची चूक आणि अचूकता यांतील अंतर पुष्कळदा एवढेच असते.

आता यात अर्थाचा प्रश्न कोठे येतो? जपानी वाक्याची रचना या दृष्टीने विशेष बोलकी आहे. जपानीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या अंती येतात. समजा, एखादे पात्र म्हणते : 'कोरोशिता नो वा… वाताशि जा नाई.' मराठीत याचा जवळजवळ शब्दक्रमानुसार अनुवाद करता येतो : 'मारलं ते… मी नाही.' मधल्या विरामात ऐकणारा श्वास रोखून असतो. बोलणारा कबुली देणार की नाकारणार हे अखेरच्या शब्दापर्यंत उघड होत नाही, आणि दिग्दर्शकाने बहुधा त्याच विरामात दुसऱ्या पात्राचा चेहरा दाखवलेला असतो. सहज इंग्रजीत मात्र नकार अगदी आरंभी येतो : 'इट वॉजन्ट मी हू किल्ड हिम.' हे वाक्य एकाच ओळीत, उच्चाराच्या आरंभी उमटले, तर विरामाआधीच रहस्य फुटते. अनुवादात शब्दाची चूक काढता येणार नाही, तरीही प्रसंग मेलेला असतो.

येथे जपानी न जाणणारा कालयोजकही विराम ऐकतो. ओळ दोन ठिकाणी तोडावी हे त्याला कळते, पण ती तोडायची तर इंग्रजी वाक्याचीच उलटापालट व्हावी लागते : 'द वन हू किल्ड हिम…' आणि मग 'वॉजन्ट मी.' म्हणजे तो संपादकाकडे किंवा अनुवादकाकडे वाक्य परत पाठवतो. कालयोजन अनुवादानंतर येते हे साखळीतील क्रमापुरते खरे आहे. चांगल्या गटात ते अनुवादाला मागे वळून पाहावयास लावते. जेथे असा माणूस नसतो तेथे वाक्य आहे तसे पुढे जाते आणि ते कोठे बिघडले हे कोणाच्याच लक्षात येत नाही. ओळींचे हे विभाजन कवितेतील चरणविभाजनाच्या बरेच जवळचे आहे. मुक्तच्छंदातील ओळ कोठे तोडली यावर पानेच्या पाने लिहिणाऱ्या अभ्यासकांनी उपशीर्षकातील ओळभंगाकडे तांत्रिक बाब म्हणून पाठ फिरवावी, हे थोडे नवलाचेच म्हणावयास हवे.

या कामाला एके काळी वजन होते. व्हीएचएस फितींच्या काळात, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९९० च्या दशकात, रसिकगट अमिगा संगणकाला 'जेनलॉक' नावाचे उपकरण जोडून मूळ चित्रावर अक्षरे चढवीत आणि ते सारे दुसऱ्या फितीवर उतरवून घेत. उपकरणे महाग होती, फितीवर एकदा उतरलेली चूक सहज पुसता येत नसे आणि प्रतीवरून प्रत काढताना चित्र फिकट होत जाई. ज्याच्याकडे यंत्र तो गटाचा आधारस्तंभ, आणि ओळींच्या वेळा बांधणारा हात बहुधा त्याचाच. संगणकीय युगात यंत्र सर्वांच्या घरी आले आणि कालयोजन हे गटात नव्याने येणाऱ्याला देण्याचे काम झाले. 'जपानी येत नाही? मग वेळा बांध' असा हा प्रवेशद्वाराचा न्याय होता. प्रवेशद्वारात कोणी कायमचे उभे राहत नाही. थोडा सराव झाला की नवखा संपादनाकडे किंवा पडद्यावरील अक्षरसजावटीकडे वळे, आणि जागा पुन्हा रिकामी होई. वानवेचे पहिले कारण हे असे घडणीतच आहे.

दुसरे कारण दृश्यतेचे. आरंभगीताच्या शब्दांवर अक्षर-अक्षर रंग बदलत जाणारी जी कारागिरी रसिकगट करीत, तिच्यासाठी गाण्यातील प्रत्येक अवयवाची वेळ बांधावी लागते. ते काम संवादांच्या कालयोजनापेक्षाही किचकट, तरी त्याला उत्साही माणसे मिळत, कारण ते दिसे आणि त्याचे कौतुक होई. संवादांचे कालयोजन चांगले असेल तर ते जाणवतच नाही. वाईट असेल तेव्हाच त्याची आठवण होते. लॉरेन्स व्हेनुटी यांनी १९९५ मध्ये अनुवादकाच्या अदृश्यतेची मीमांसा केली, तीत निदान अनुवादकाचे नाव पुस्तकावर असते ही शक्यता गृहीत होती. कालयोजकाची अदृश्यता दुहेरी आहे : तो अनुवादकाच्या सावलीत, आणि अनुवादक मूळ कृतीच्या. मालकीहक्काच्या दृष्टीने हा सारा उद्योग परवानगीविना चाललेला असल्याने टोपणनावाखेरीज नावही लावता येत नाही. २००४ च्या अखेरीस 'मीडिया फॅक्टरी' या जपानी कंपनीने आपल्या कृतींवरील असे काम थांबवावे म्हणून गटांना कळवले होते, यावरून त्या टोपणनावाची निकड ध्यानात यावी.

तिसरे कारण वेळेचे, आणि ते काहीसे उपरोधिक आहे. दुसऱ्यांच्या वाक्यांना वेळ देणाऱ्याच्या स्वतःच्या वेळेवर गटाचा सर्वाधिक दाब असतो. अनुवादक भागाचे चित्रण हाती येताच काम सुरू करू शकतो. संपादक, सजावटकार, तपासनीस हे सारे कालयोजनानंतर. २००० च्या दशकात बिटटोरंटमुळे वितरण सोपे झाले आणि एकाच मालिकेवर अनेक गट काम करू लागले. कोणाचा भाग आधी येतो याची चुरस लागली आणि प्रक्षेपणानंतरच्या अवघ्या काही तासांना महत्त्व आले. अनुवाद पहाटे पोहोचला तर कालयोजक पहाटे जागा हवा. सरावलेल्या माणसालाही एका भागाला तास-दोन तास लागतात, नवख्याला कितीतरी अधिक. आठवड्यामागून आठवडे, तीन महिन्यांच्या हंगामभर, विनामोबदला आणि विनानाव हे करीत राहणे ही हौसेची कसोटीच होय. त्यात पुन्हा चकतीवरील आवृत्ती निघाली की दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या विश्रांतीची लांबी बदललेली, कधी दृश्येही बदललेली. मग अख्ख्या भागाच्या वेळा सरकवून पुन्हा तपासायच्या.

२००९ नंतर परिस्थिती पालटली. २००६ मध्ये सुरू झालेल्या आणि आरंभी रसिककृत उपशीर्षकांवरच पोसलेल्या 'क्रंचीरोल' या संस्थेने जानेवारी २००९ पासून जपानी प्रक्षेपणाच्या पाठोपाठ अधिकृत उपशीर्षकांसह मालिका दाखवण्यास आरंभ केला. रसिकगटांचे पूर्वीचे प्रयोजन त्यामुळे बरेचसे संपले. काही गट विसर्जित झाले, काहींतील मंडळी अधिकृत कामात गेली, आणि उरलेल्यांपैकी अनेकांनी अधिकृत उपशीर्षके घेऊन त्यांचेच संपादन करण्याची वाट धरली. या वाटेचा कालयोजनावर झालेला परिणाम सूक्ष्म आहे. तयार वेळा हाती आल्या, त्यामुळे कालयोजकाची तातडी उरली नाही. पण नवख्याला शिकण्याची जागाही उरली नाही. ही विद्या कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हती. जाणत्याने केलेला भाग उघडून पाहणे, स्वतः बांधलेला भाग त्याच्याकडून दुरुस्त करून घेणे, अशी ती हस्तांतरित होई. साखळी एक-दोन पिढ्या तुटली की, अधिकृत वेळा दृश्यबदलाकडे न पाहता केवळ ध्वनीवरून बांधलेल्या आहेत अशी तक्रार करणारे पुष्कळ राहतात, त्या नव्याने बांधून देणारे थोडे.

यंत्राने ही उणीव भरून निघेल असे आता म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण मर्यादित. ओळीच्या आधी-नंतर ठरावीक मुदत जोडणे, बारीक फटी बुजवणे, ओळीचा अंत जवळच्या दृश्यबदलाशी नेऊन भिडवणे ही कामे एजिसबमध्ये फार पूर्वीपासून एका आज्ञेसरशी होतात. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या 'व्हिस्पर'सारख्या वाक्-अभिज्ञान प्रणाली उच्चारांच्या वेळाही सुचवतात. दोघांचे बोलणे एकात एक मिसळते, पार्श्वसंगीत चढते, पात्र हुंदक्यातून अर्धवट बोलते, अशा जागी माणसाचा कान लागतो. आणि अशाच जागी अर्थ सर्वाधिक दाटलेला असतो. वरील उदाहरणातला विराम यंत्र मोजू शकेल. तो जपायचा आहे, आणि त्यासाठी वाक्य फिरवावे लागणार आहे, हा निर्णय मोजमापातून निघत नाही.

तौलनिक अभ्यासाने या अंगाकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही. आबे मार्क नॉर्न्स यांनी १९९९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ॲनिमेरसिकांच्या उपशीर्षकांचे धाडस प्रथम गंभीरपणे वाखाणले. मात्र त्यांचे कौतुक पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींचे आहे : निरनिराळे रंग आणि अक्षरे, अनुवाद न करता ठेवलेले जपानी शब्द, त्यांवरील टिपा. नंतरच्या बऱ्याच लेखनाचा भर मालकीहक्क, रसिकसमूहाचे समाजशास्त्र आणि सांस्कृतिक संदर्भांचे रूपांतर यांवर राहिला. दोन उपशीर्षकांची तुलना करताना आपण संहिता शेजारीशेजारी मांडतो, आणि तेव्हा वेळांचे रकाने गाळले जातात. रसिकगटांच्या उपशीर्षकसंचिका मात्र त्या वेळांसकट जतन झालेल्या असतात. सेकंदाच्या शतांशापर्यंतची ही नोंद अनुवादाच्या इतिहासात अपूर्वच म्हणता येईल. एकाच भागाच्या तीन गटांनी केलेल्या तीन संचिका पुढे ठेवून, कोणी विराम राखला व कोणी गमावला, हे ओळीओळीने दाखवता येईल.

भारतीय भाषांच्या संदर्भात या अभ्यासाला एक वेगळी निकड आहे. व्यावसायिक उपशीर्षकांच्या क्षेत्रात आधी इंग्रजीत वेळा बांधलेला साचा तयार करून तोच इतर भाषांच्या अनुवादकांकडे पाठवण्याची पद्धत रूढ आहे. अनुवादकाने तयार खणांत आपली वाक्ये भरायची. मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू या भाषा जपानीप्रमाणेच क्रियापद अखेरीस ठेवणाऱ्या आहेत. जपानी वाक्याचा ताण त्यांना फारशी मोडतोड न करता पेलता येतो. पण साचा इंग्रजीच्या पदक्रमाने तोडलेला असेल, तर पहिल्या खणात नकार आणि दुसऱ्या खणात क्रिया, अशी मांडणी या भाषांवर लादली जाते. 'मारलं ते… मी नाही' हे सहज येणारे वाक्य 'मी नाही… मारलं त्याला' असे उलटे फिरवावे लागते. अशा वेळी खण नव्याने पाडणारा, कानाने विराम ओळखणारा माणूस हाताशी असला तरच ते वाक्य सरळ राहू शकते.